आरोग्य खात्याचं वर्ष नेमकं कधी सुरू होतं?

नव्याने निवडून आलेल्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलंय: "आमच्या गावात आरोग्य खात्याची माणसं पोलिओच्या रविवारी दिसतात, नाहीतर डेंग्यूचा पेशंट निघाल्यावर. बाकीचं वर्ष ही मंडळी काय करतात? आणि सदस्य म्हणून आम्ही त्यांच्याकडून काय मागून घ्यावं?"

आधी जरा कडू बोलतो. धुराचं मशीन तुमच्या गल्लीत आलं, म्हणजे आमच्या कामाला किमान चार महिने उशीर झालेला असतो. ते काम एप्रिलमध्येच व्हायला हवं होतं आणि त्यातलं निम्मं तुमच्या ग्रामपंचायतीच्या हातात होतं.

मी सातारा जिल्ह्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो, पुढे आरोग्य सहाय्यक झालो आणि तालुक्याचा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. सुरुवातीला गावात आम्हाला 'मलेरियावाले' म्हणायचे. काचपट्टी आणि सुई घेऊन दारात उभं राहिलं की पोरं पाठीमागच्या दाराने पळायची. या जिल्ह्यात नोकरी केल्याचा एक फायदा झाला. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण-खटावही आहे, जिथे पाचशे झाला तरी लोक समाधानी असतात. परिपत्रक दोन्हीकडे एकच येतं. काम मात्र दोन्हीकडे वेगळं असतं, हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

खात्याला दोन वर्षं एकदम जगावी लागतात. एक सरकारी, १ एप्रिल ते ३१ मार्च. दुसरं पावसाचं, ते मृगाच्या आगेमागे सुरू होतं आणि दिवाळीनंतर निवळतं. या दोघांचं आपसात जमत नाही. पावसाळ्याची तयारी एप्रिल-मेमध्ये करायची असते, तेव्हा नव्या वर्षाचा निधी अजून कागदावरच असतो. पैसे खाली पोहोचतात तोवर ओढ्यांना पाणी आलेलं असतं. उलट मार्चमध्ये खर्चाची घाई असते आणि त्याच दिवसांत टंचाईने लोक मिळेल ते पाणी प्यायला लागतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या भांडणात आहे.

एप्रिलमध्ये आधी येतो तो सर्व्हे. घरोघर जाऊन कुटुंबांची नोंद नव्याने करायची: किती माणसं, किती नवी जोडपी, पाच वर्षांखालची मुलं किती, कोण बाहेरगावी गेलं, कोण आलं. नियमाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. डोंगरी-आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. या लोकसंख्येवरून वर्षभराचा हिशोब मांडतात. समजा, उपकेंद्राखाली ५,००० माणसं आहेत आणि जन्मदर हजारी १६ आहे. म्हणजे वर्षात साधारण ८० बाळंतपणं अपेक्षित. काही गर्भ टिकत नाहीत, म्हणून वर १० टक्के धरायचे, की ८८ गरोदर माता होतात. या आकड्यावर लोहाच्या गोळ्या, लसी, तपासण्या, सगळं ठरतं.

आता गंमत बघा. वर्षाच्या शेवटी नोंदवहीत ६० च गरोदर माता निघाल्या, तर आढावा बैठकीत विचारतात, "उद्दिष्ट का गाठलं नाही?" खरा प्रश्न वेगळा असतो: उरलेल्या २८ जणी गेल्या कुठे? काही पहिलटकरणी माहेरी गेल्या, त्यांची नोंद तिकडे झाली. काही नवऱ्याबरोबर पुण्या-मुंबईला गेल्या. आणि दोन-चार अशा असतात, ज्या गावातच आहेत पण कुणाला दिसल्याच नाहीत: वस्तीवरच्या, मेंढपाळांच्या पालातल्या, वीटभट्टीवरच्या. बाळंतपणात दगावण्याचा धोका सगळ्यात जास्त याच दोन-चार जणींना असतो. चांगली नर्सबाई आकडा जुळवत बसत नाही, ती या दोन-चार जणींना हुडकते. मी अशा दोघी सिस्टर बघितल्यात ज्यांना उपकेंद्रातली प्रत्येक सून नावाने माहीत होती. रजिस्टर त्यांना केवळ वरच्यांना दाखवायला लागायचं.

एप्रिलमधलंच दुसरं काम पाण्याचं, आणि तुम्ही सदस्य आहात म्हणून यावर जरा जास्त बोलतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, म्हणजे एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, गावातल्या प्रत्येक सार्वजनिक पाणीस्रोताचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहीर, हातपंप, टाकी, जलवाहिनी, सगळ्याचं. विहिरीला कठडा आहे का, सांडपाणी जवळून वाहतं का, हातपंपाचा ओटा फुटलाय का, टाकी कधी धुतली, जलवाहिनीला गळती कुठे आहे, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचतं का. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. जोखीम जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी कार्ड. तुमच्या कार्यालयात ते कुठेतरी फाइलला लागलेलं असेल. ते काढा आणि मागे जोडलेला दोषांचा तक्ता वाचा. बहुतेक सरपंच रंग बघतात, तक्ता कुणी वाचत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे टीसीएल, आपली ब्लीचिंग पावडर. ती ग्रामपंचायत विकत घेते, आरोग्य खातं नाही. खातं तिचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतं. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. २० टक्क्यांच्या खाली गेली की ती पावडर वापरायची नाही. आणि ती खाली जाते फार लवकर. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं, उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो. वर्षाची पावडर स्वस्तात मिळते म्हणून एकदम घेणारी ग्रामपंचायत ऑगस्टमध्ये पाण्यात चुना टाकत असते. तीन-तीन महिन्यांची घ्या, फळीवर ठेवा, तोंड बांधून ठेवा.

मात्रेचंही सांगून ठेवतो, कारण जलसुरक्षक (गावच्या पाण्यात पावडर टाकणारा माणूस) नवा असला की अंदाजाने मूठ टाकतो. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यासाची आणि ४ मीटर पाण्याची विहीर म्हणजे सुमारे २८,००० लिटर. पावडर चांगली असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम लागेल. ही कमीत कमी मात्रा झाली, पाणी गढूळ किंवा पावडर जुनी असेल तर वाढवावी लागते. बादलीत पावडर कालवायची, दहा मिनिटं ठेवायची, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, खालचा चुना टाकून द्यायचा. पुढे किमान तासभर पाणी उपसायचं नाही. मग ओटी टेस्ट. पाण्यात क्लोरीन उरला असेल तर नळीत पिवळा रंग येतो. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथीच्या दिवसांत ०.५.

आणि ही टेस्ट टाकीपाशी करून उपयोग नाही. गावाच्या अगदी शेवटच्या नळाला करायची. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका गावात मी एप्रिलच्या सर्वेक्षणात लिहिलं होतं: "मागासवस्तीकडे जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह गटाराशेजारी, गळती." कार्ड पिवळं दिलं, ग्रामसेवकाची सही घेतली, पोच फाइलला लावली. माझ्या लेखी काम संपलं होतं. जुलैत त्याच वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. टाकीवर टेस्ट केली तर छान पिवळा रंग. शेवटच्या नळाला केली तर रंगच नाही. पाणी बंद असताना पाइप रिकामा व्हायचा आणि गटारातलं पाणी त्या गळतीतून आत ओढलं जायचं. पाणी सुटलं की पहिली पाच मिनिटं तेच नळाला यायचं. एका म्हाताऱ्या बाईंना सलाईन लावायला शीर सापडेना, तो अर्धा तास अजून आठवतो. त्या वाचल्या. पण तो व्हॉल्व्ह काही माझ्या फाइलमुळे दुरुस्त झाला नव्हता. त्यानंतर मी सर्वेक्षणाचा तक्ता ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लागलो. काही सरपंचांना राग आला. व्हॉल्व्ह मात्र दुरुस्त व्हायला लागले.

मे महिना पश्चिम पट्ट्याचा. तापोळ्याच्या पलीकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या कांदाटी खोऱ्यात, माझ्या नोकरीच्या दिवसांत काही गावांना लाँचशिवाय वाट नव्हती. वारा-पावसात लाँच सुटत नाही. अशा गावांची यादी मेअखेर तयार हवी: जून ते सप्टेंबरमध्ये कोण बाळंत होणार, कुणाला आधीचं सिझर आहे, कुणाचं रक्त कमी आहे, कुणाचं बीपी वाढतंय. त्यांच्या सासूशी बोलायचं (नवऱ्याशी बोलून फारसा उपयोग होत नाही, निर्णय सासूचा असतो) आणि तारखेच्या आधी आठ-पंधरा दिवस बाईला नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ आणून ठेवायचं. ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, सर्पदंशाचं प्रतिविष, साधी प्रतिजैविकं, सगळं चार महिन्यांचं आधीच पोहोचवायचं. आदिवासी जिल्ह्यांत हेच नवसंजीवनी योजनेतून होतं.

जून-जुलैत माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम, मग धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा. एरवी वीस-पंचवीस हजारांच्या गावात एका रात्रीत लाखो माणसं झोपतात, जेवतात आणि पहाटे पुढे निघतात. शाळेत पाठ केलेलं सगळं सार्वजनिक आरोग्य इथे चार-पाच दिवसांत डोळ्यांनी दिसतं. महिनाभर आधी वाटेवरच्या विहिरी आणि बोअर तपासायच्या, जे पाणी पिण्यालायक नाही तिथे तसा फलक लावायचा. टँकर भरायची ठिकाणं ठरवायची आणि तिथे चोवीस तास माणूस बसवायचा, कारण एक टँकर चुकीच्या जागी भरला गेला तर एक अख्खी दिंडी आजारी पडते. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, उसाच्या रसाची गुऱ्हाळं बघायची. रसातला बर्फ कुठून येतो, हे मी आवर्जून विचारायचो आणि त्याचं उत्तर बहुधा ऐकवत नसे.

वारीत आजारी पडलेला माणूस तुमच्या हद्दीत आजारी पडेलच असं नाही. कॉलराचा जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही लक्षणं दिसतात. लोणंदला प्यालेलं पाणी माळशिरस किंवा वेळापूरला बाधू शकतं. म्हणून दोन्ही जिल्ह्यांचे फोन रात्री चालू असतात. पालखी पुढे गेल्यावर गावकऱ्यांना वाटतं, सुटलो. आमचं खरं लक्ष पुढच्या आठवड्यावर असतं. मागे राहिलेली घाण, माशा आणि त्यात पहिला जोराचा पाऊस.

आता डेंग्यू. लोकांना वाटतं की डेंग्यू पाणी साचणाऱ्या भागातला आजार आहे. माझा अनुभव उलटा आहे. भरपूर पाऊस पडतो तिथे नळाला रोज पाणी असतं, कुणी साठवत नाही. ज्या गावात नळ आठ दिवसांनी येतो तिथे घराघरात पिंप, रांजण, सिमेंटच्या टाक्या. एडिस डासाला स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी हवं असतं, आणि ते दुष्काळी तालुक्यात घराघरात मिळतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतो. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. काथ्याने घासायला लागतं. पण ज्या बाईने आठ दिवसांचं पाणी डोक्यावरून आणलंय तिला "पिंप रिकामं करा" म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. मी तो वर्षानुवर्षं केला. नंतर शहाणपण आलं. पिंपाला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं, सिमेंटच्या मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडायचे, एक पिंप संपलं की दुसरं भरण्याआधी ते घासायचं. हे बायका ऐकतात, कारण हे त्यांना जमतं.

धुराबद्दल विचारू नका असं म्हणायचं होतं, पण तुम्ही विचारणारच. धुराने त्या घटकेला उडणारा डास मरतो. पाण्यातल्या अळीला काही होत नाही. एडिस दिवसा चावतो आणि धूर संध्याकाळी होतो. साथ पेटलेली असताना रुग्णाच्या घराभोवती त्याचा उपयोग आहे. एरवी गावभर धूर सोडणं म्हणजे सदस्यांनी काहीतरी केलं हे दाखवणं.

लसीकरण वर्षभर चालतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. त्यात एकच गोष्ट सांगतो. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि लोकांना भीती फक्त उन्हाची वाटते. गारठ्यानेही लस मरते. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) गोठली की बाटली दिसायला जशीच्या तशी, पण कामाची नाही. म्हणून फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं असतं. आरोग्य केंद्रात गेलात तर तो तक्ता बघा. सगळे आकडे सरळ रेषेत एकसारखे असले तर समजा की कुणीतरी महिनाअखेरीला बसून भरलेत. पोलिओचं विचारलंत म्हणून: देशातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. तरी थेंब चालू आहेत, कारण शेजारच्या देशांत विषाणू अजून आहे.

दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांत गरोदर बायका असतात, सहा महिन्यांची बाळं असतात, आणि ती आमच्या एप्रिलच्या सर्व्हेत नसतात. तिकडच्या गावात "स्थलांतरित" आणि इकडे "लोकसंख्येत नाही". मी कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून टोळ्यांची यादी घ्यायचो आणि सिस्टरबरोबर संध्याकाळी जायचो, कारण दिवसा तिथे म्हातारी माणसं आणि पोरं सोडून कुणी नसतं. लसीचं कार्ड विचारलं तर ट्रंकेच्या तळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं निघायचं. या बाया कार्ड जपतात. आपणच त्यांना शोधायला कमी पडतो. गोवराची साथ जिथून सुरू व्हायची भीती असते ती हीच जागा.

थंडीत कुटुंब नियोजनाची शिबिरं (लोक थंडीतच तयार होतात), ३० जानेवारीपासून कुष्ठरोगाची 'स्पर्श' मोहीम, १० फेब्रुवारीला आणि पुन्हा १० ऑगस्टला जंतनाशक गोळ्या, २४ मार्चला क्षयरोग दिन. मधेमधे शाळा आणि अंगणवाड्यांची तपासणी. मग मार्चचा हिशोब. त्या महिन्यात फील्डवर कमी आणि कागदांत जास्त वेळ जातो. आताशा तर आशाताईंचा निम्मा दिवस मोबाइलमधल्या वेगवेगळ्या ॲपमध्ये तीच माहिती पुन्हा पुन्हा भरण्यात जातो. त्यांना मोबदला कामागणिक मिळतो, तो अडकला की घरभेटी कमी होतात, हे साधं गणित आहे. तुमच्या गावातल्या आशाताईचा मोबदला किती महिने थकलाय हे मासिक सभेत विचारा. डेंग्यूशी याचा काय संबंध, असं कुणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

आता मागायचं काय ते. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळायची तरतूद आहे. तो आला का, कशावर गेला, हे बघा. व्हॉल्व्हच्या खड्ड्याला झाकण त्यातून होऊ शकतं. टीसीएलच्या तपासणीचे अहवाल मागा, एक नाही, वर्षभराचे. पावसाळ्यात बाळंत होणाऱ्यांची यादी मेमध्ये तयार आहे का, एवढंच विचारा. नावं मागू नका, ती तुम्हाला दिली जाणार नाहीत आणि देऊही नयेत.

आणि सगळ्यात हाताशी आहे ते पुढचं सर्वेक्षण, एप्रिलचं असो की ऑक्टोबरचं. आरोग्य सेवकाला आधी फोन करून तारीख विचारा आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर पूर्ण गाव फिरा. पाणी सुटायच्या वेळेच्या तासभर आधी निघा. सगळे व्हॉल्व्ह उघडून दाखवायला सांगा, आणि पाणी सुटल्यावर ओटी टेस्ट शेवटच्या नळाला, पहिल्या धारेचीच, स्वतः उभं राहून करून घ्या. बूट घालून जा, खड्ड्यात उतरायला लागतं.